लाँचचा आराखडा आणि पाठचिकित्सा

'उपयोजित मराठी' शिकवताना आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात आणि फार तर माहितीपत्रक इथवर पोचतो. एखादी वस्तू कशी घडवावी हे सांगणारे गद्य तिथे बहुधा येतच नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: कारागिरी हातात असते, ती शब्दांत उतरत नाही, आणि जे उतरते ते निर्जीव असते. हे मत मला पटत नाही. त्यासाठी मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेऊ.

छोटी लाकडी मोटर लाँच घरच्या आवारात बांधणाऱ्या हौशी माणसासाठी अमेरिकेत विपुल लेखन झाले. हॉवर्ड चॅपेल यांचे 'बोटबिल्डिंग' १९४१ चे, एस. एस. रॅबल यांचे 'बोटबिल्डिंग इन युअर ओन बॅकयार्ड' १९४७ चे. या प्रकारच्या लेखनाचा वाचक सुतारकामाची हत्यारे बाळगतो, पण गोदीत कधी काम केलेला नसतो. (बांधून झालेली होडी गॅरेजच्या दारातून बाहेर निघेल ना, हे आधी मोजावे ही सूचना दिसते तितकी विनोदी नाही.)

लाँचच्या आराखड्यात तीन चित्रे असतात: बाजूने, वरून आणि समोरून दिसणारी. सोबत मोजमापांचा तक्ता. त्यात '२-३-५' असे लिहिले असेल तर अर्थ दोन फूट, तीन इंच आणि पाच अष्टमांश इंच. होडीची सगळी गोलाई अशा आकड्यांत बसवलेली असते आणि पहिल्या वाचनात हा तक्ता वेदवाक्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. फुटाला एक इंच या प्रमाणात काढलेल्या चित्रातली पाव मिलिमीटर जाडीची रेघ पूर्ण आकारात तीन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अष्टमांश इंच होते. तेव्हा तक्त्यात थोड्याफार चुका राहणारच, आणि हे आराखडा करणाऱ्यालाही ठाऊक असते.

म्हणून लाकूड कापण्यापूर्वी बांधणारा जमिनीवर सगळी होडी पूर्ण आकारात रेखाटतो. याला लॉफ्टिंग म्हणतात. तक्त्यातल्या प्रत्येक बिंदूवर खिळा ठोकायचा आणि खिळ्यांच्या आधाराने एक लांब, बिनगाठीची, लवचीक लाकडी पट्टी वाकवायची. एखाद्या ठिकाणी पट्टीला पोक आले तर तिथला खिळा उपटायचा आणि पट्टी आपण होऊन कुठे सरकते ते पाहायचे. मग डोळा जमिनीलगत नेऊन रेघेवरून लांबवर नजर टाकायची. तोच बिंदू दुसऱ्या चित्रातही असतो. एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे ती पटते का हे तपासावे लागते.

ही सरळसरळ पाठचिकित्सा आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, तेव्हा भोवतालच्या ओव्यांच्या ओघात न बसणारा शब्द त्यांना असाच खटकला असेल. फरक इतकाच की इथे संहिता स्वतःच सांगते, मला दुरुस्त करून घ्या.

असे गद्य निर्जीव कसे म्हणावे? आकडा कुठवर न्यायचा आणि डोळ्याच्या हाती केव्हा सोपवायचे, याचा विवेक त्याच्या लेखकाला असतो. इंजिन आणि शाफ्ट जोडण्याचे पाहा. बांधकाम चालू असताना ताणलेल्या दोरीने शाफ्टची रेषा ठरवतात. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायची असते, पण ते शेवटचे माप होडी काही दिवस पाण्यात राहिल्यावरच घ्यायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते, होडीचा आकार किंचित बदलतो, आणि जमिनीवर घेतलेले अचूक माप पाण्यात चुकीचे ठरते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मांडवीपासून बेपूरपर्यंत, कागदाशिवाय नजरेने गलबते बांधणारे कारागीर झाले. त्यांच्याविषयीचे आपले कौतुक रास्तच आहे. पण त्या कौतुकाच्या आडून आपण न लिहिण्याची सोय करून घेतली. नाळ, डोलकाठी, सुकाणू हे शब्द कोशांत सुखरूप आहेत. फळी किती वाकवावी आणि कुठे थांबावे हे सांगणारी मराठी वाक्ये मात्र शोधावी लागतात. कारागिराचा मुलगा दुसऱ्या नोकरीला लागला की तीही उरत नाहीत.

पाठचिकित्सेच्या एखाद्या तासाला असा तक्ता, पंधरावीस खिळे आणि एक लांब पट्टी वर्गात न्यायला हरकत नाही. कोणता खिळा उपटायचा यावर विद्यार्थ्यांत मतभेद होतील.