गंज सगळ्याच गाड्यांना असतो. तो कुठे आहे ते पाहा!
पुरात बुडालेली जुनी गाडी ओळखायची कशी? चंदगडसारख्या भागात हा प्रश्न जास्त अवघड का?

चंदगड तालुक्यात जुनी गाडी तीन वाटांनी येते. कोल्हापूर-गडहिंग्लजकडून एमएच-09, बेळगावहून केए-22 आणि तिलारी घाट चढून आलेली गोवा पासिंगची. काजू प्रक्रिया उद्योगाला पिकअप लागते, शेतकऱ्याला दूध आणि खतासाठी काहीतरी लागते, गोव्यात कामाला असलेल्या तरुणाला गावी येण्या-जाण्यासाठी चारचाकी हवी असते. नवी परवडत नाही. मग ‘गाडी एकदम कंडिशनमध्ये आहे’ या एका वाक्यावर सौदा होतो.

यातल्या काही गाड्या पाण्यातून आलेल्या असू शकतात. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांचाही टप्पा पार केला, शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. त्याच पुरात ताम्रपर्णीचे पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरले. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीतही पूर आला. त्या पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच धुतल्या, वाळवल्या आणि पुन्हा रस्त्यावर आल्या.

गोव्याकडच्या गाड्यांचे दुखणे वेगळे. समुद्राच्या खाऱ्या हवेतील मीठ पत्र्यावरच्या ओलाव्यात विरघळते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने होते. किनाऱ्यावर पाच-सात वर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून पोखरलेली असू शकते.

आता अडचण अशी, की चंदगडमध्ये पावसाळ्याचे चार महिने गाडी ओलीच असते. इथल्या दहा वर्षांच्या गाडीला गंज नसेल, तर उलट संशय घ्यावा. त्यामुळे ‘गंज आहे का’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. पावसाचा आणि चिखलाचा गंज खालून आणि बाहेरून लागतो: चाकांच्या कमानी, सायलेन्सर, दरवाजाची खालची कड. पुराचे पाणी मात्र आत बसते. म्हणून बघायचे ते आत.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पहिला हातभर पट्टा कुणीही धुतो. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाचा मातकट डाग किंवा आडवी रेघ राहून जाते. सीट मागे-पुढे सरकवण्याच्या रुळांवर आणि त्यांच्या बोल्टवर गंज दिसला, तर तो पावसाचा नाही. पायाखालचे मॅटिंग उचला, स्टेपनी काढून तिच्या खोबणीत हात फिरवा, डॅशबोर्डच्या खालून टॉर्च मारा. फ्यूजबॉक्समध्ये आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल, तर तांब्याला पाणी लागले आहे. दहा वर्षांच्या गाडीत मॅटिंग मात्र कोरे करकरीत आणि भरपूर अत्तराचा वास, हेही लक्षणच.

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळते. तो लागतच नसेल तर? बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. ही गोष्ट फार कमी लोक बघतात.

इंजिनाची भीती लोकांना जास्त असते, पण ती काहीशी अस्थानी आहे. बुडालेल्या गाडीला चावी मारली की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान लगेच कळते आणि खर्च केला तर दुरुस्तही होते. वायरिंग आणि सेन्सरचे दुखणे वर्ष-दीड वर्षाने, तेही घाटात, वर येते. जुनी जीप धुऊन चालायची. आजच्या गाडीत एक जोड सडला तरी ती बंद पडते.

पिकअप घेताना मुख्य तपासणी चॅसिसची. पाट्यांचे ब्रॅकेट आणि हौद्याखालची आडवी पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर सौदा सोडा. जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच सरसकट काळा रंग मारला असेल, तर मालकाने काळजी घेतली असे समजण्याआधी त्याखाली काय आहे ते विचारा. दरवाजावर चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी भरली आहे.

कागद किती सांगतात? थोडेच. वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्ज आहे का, विम्याची मुदत कधीपर्यंत, हे दिसते. गाडी बुडाली होती का, हे तिथे दिसत नाही. विक्रेत्याच्या मागच्या दोन-तीन पॉलिसी मागून घ्याव्यात. नो क्लेम बोनस मध्येच शून्यावर आला असेल, तर क्लेम कशाचा होता ते विचारावे. पण गावाकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा असतो. त्यात बोनस नाही, पुराची भरपाईही नाही, म्हणजे कागदावर काहीच उरत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की नंबरही बदलतो.

इथे सगळा भार खरेदीदाराच्या टॉर्चवर टाकणे योग्य नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. म्हणजे ही माहिती कुणाकडे तरी असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का बसतो. आपल्याकडे नोंदणी ऑनलाइन झाली, मालक ऑनलाइन बदलतो. मग आरसीवर ही एक ओळ येण्यात अडचण काय आहे?

तोवर गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून चॅसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद काढून घ्यावी आणि स्कॅनर लावून घ्यावा. परराज्यातील गाडी असेल, तर तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तोही किमतीत धरावा. आणि गाडी बघायला दुपारी जावे, संध्याकाळी नाही. धुतलेल्या ओल्या पत्र्यावर काहीच दिसत नाही.