विशेष व समावेशक शिक्षणातील पदव्युत्तर शिक्षणाबाबत मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : विशेष व समावेशक शिक्षणातील एम.एड. व पीएच.डी.च्या सोयी वाढवणे, या पदव्यांची समकक्षता स्पष्ट करणे आणि मराठीतून संशोधनास पाठबळ देणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे एम.एड. (विशेष शिक्षण)चे विद्यार्थी, शाळांमध्ये काम करणारे विशेष शिक्षक, अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि दिव्यांग मुलांचे पालक हे निवेदन आपणास सादर करीत आहोत.

राज्य शासनाने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्र (समूह) पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. विशेष शिक्षकांबाबतच्या रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला निकाल, त्यानंतर केंद्र सरकारने ठरवलेले प्रमाण (पहिली ते पाचवीसाठी १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, सहावी ते आठवीसाठी १५ मागे एक विशेष शिक्षक) आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पदे अधिसूचित करण्याबाबत दिलेले आदेश पाहता, येत्या काही वर्षांत विशेष शिक्षकांची मागणी वाढतच जाणार आहे.

मात्र या शिक्षकांना घडवणारे प्राध्यापक कोठून येणार? मुलाची अडचण नेमकी कशाची आहे, हे ठरवण्याची साधने कोण तयार करणार? ब्रेल, सांकेतिक भाषा आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा यांचे अध्यापन कोण करणार? हे काम करणारी माणसे पदव्युत्तर शिक्षणातूनच तयार होतात. पदांचा निर्णय झाला. पदांवर येणाऱ्यांना शिकवणाऱ्यांचा विचार अजून व्हायचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ ने पुरेशा शिक्षक प्रशिक्षण संस्था स्थापन करणे, सर्व स्तरांवर समावेशक शिक्षणासाठी तज्ज्ञ मनुष्यबळ तयार करणे आणि अध्ययन सुधारण्यासाठी संशोधनास चालना देणे ही शासनाची जबाबदारी म्हणून नमूद केली आहे. आमच्या मागण्यांचा आधार हेच कलम आहे.

हा प्रश्न मागे पडण्याचे एक कारण जबाबदारीच्या विभागणीत आहे. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि विद्यापीठे आपल्या विभागाकडे आहेत. बी.एड.ला मान्यता देणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या कक्षेत येते. बी.एड. व एम.एड. (विशेष शिक्षण) या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी आणि नोंदणी क्रमांक देणारी भारतीय पुनर्वास परिषद मात्र केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. त्यामुळे एम.एड. (विशेष शिक्षण) झालेला उमेदवार एका दारातून दुसऱ्या दाराकडे पाठवला जातो. हा गुंता सोडवण्यात पुढाकार घेणे आपल्या विभागाला शक्य आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. समकक्षतेबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे. अध्यापक महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकपदासाठी एम.एड. (विशेष शिक्षण) ही पदवी कोणत्या विषयगटांत ग्राह्य आहे, याबाबत छाननी समित्या आणि महाविद्यालये वेगवेगळे अर्थ लावतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत शिक्षणशास्त्र हा एक विषय आहे आणि समावेशक शिक्षण हा त्याच्या अभ्यासक्रमाचा स्वतंत्र घटक आहे. ज्या विषयाची परीक्षा घेतली जाते, त्याच विषयातील पदवीधर मुलाखतीच्या टप्प्यावर अपात्र ठरू नये. दोन्ही परिषदांशी पत्रव्यवहार करून विभागाने राज्यातील सर्व विद्यापीठांसाठी एकच खुलासा जाहीर करावा.

२. प्रत्येक बी.एड. महाविद्यालयात समावेशक शिक्षणाचा एक जाणकार प्राध्यापक असावा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर आलेल्या दोन वर्षांच्या बी.एड.च्या आराखड्यात समावेशक शाळेच्या निर्मितीवर स्वतंत्र अभ्यासपत्रिका आहे. पण त्याच विनियमांतील प्राध्यापकांचा आकृतिबंध पाहावा : १०० विद्यार्थ्यांमागे १६ प्राध्यापक, त्यांत शिक्षणाच्या मूलभूत विषयांसाठी चार, शालेय विषयांच्या अध्यापनशास्त्रासाठी आठ, शारीरिक शिक्षण, चित्रकला व सादरीकरणाच्या कला यांसाठी प्रत्येकी एक आणि प्राचार्य. विशेष शिक्षणासाठी स्वतंत्र पद नाही. परिणामी ही पत्रिका ज्याच्या वेळापत्रकात जागा असेल त्याच्याकडे जाते. मग भावी शिक्षक दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पाठ करून परीक्षा देतो. पण वर्गात स्वमग्न मूल आल्यावर फळ्यावरचा पाठ त्याच्यापर्यंत कसा न्यायचा, हे त्याने कधी पाहिलेले नसते. आकृतिबंधात बदल करण्याची शिफारस शासनाने केंद्राकडे करावी. तोवर मूलभूत विषयांच्या चारपैकी एक पद भरताना एम.एड. (विशेष शिक्षण) उमेदवारास प्राधान्य देण्याच्या सूचना द्याव्यात.

३. राज्याच्या प्रत्येक महसुली विभागात किमान एका सार्वजनिक विद्यापीठात विशेष व समावेशक शिक्षणाचा पदव्युत्तर विभाग असावा. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग, चेंबूरचे हशू अडवाणी कॉलेज ऑफ स्पेशल एज्युकेशन आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांनी या क्षेत्रात पिढ्या घडवल्या आहेत. या तिन्ही संस्था मुंबईत आहेत. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीच्या शिक्षिकेला दोन वर्षे मुंबईत राहण्याचा खर्च झेपणारा नाही. नवे विभाग केवळ श्रवणदोष व बौद्धिक अक्षमता यांपुरते न ठेवता दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता या शाखांनाही जागा द्यावी. मंजूर शिक्षकपदांशिवाय, केवळ तासिका तत्त्वावर विभाग सुरू करू नयेत, ही विनंती.

४. मराठी व राज्यातील अन्य भाषांमधून मूल्यमापनाची साधने तयार करण्यासाठी संशोधन निधी उभारावा. या मागणीकडे आपले विशेष लक्ष वेधतो. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली आणि देशाला वाट दाखवली. पण प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या चाचण्या बराच काळ इंग्रजीवर बेतलेल्या राहिल्या. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीत मराठीचा समावेश झाला, ही महत्त्वाची भर होती. तरीही बरेच काम उरते. देवनागरी वाचताना मूल जोडाक्षरात अडते की रफारात, ऱ्हस्व-दीर्घाची चूक कोणत्या इयत्तेपर्यंत स्वाभाविक मानावी, या प्रश्नांची उत्तरे इंग्रजी चाचणी देत नाही. घरी कोरकू, गोंडी, भिली किंवा अहिराणी बोलणारे मूल मराठी पुस्तक वाचताना अडखळले, तर तो भाषेतील अंतराचा परिणाम आहे की अध्ययन अक्षमतेचा, हे ठरवणे आणखी कठीण आहे. चुकीचा शिक्का बसला तर मुलाचे नुकसान होते. खरी अडचण नजरेतून सुटली तरीही होते. एम.एड.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध या प्रश्नांकडे वळवल्यास काही वर्षांत राज्याची स्वतःची साधनसंपदा उभी राहील. त्यासाठी विद्यापीठांना स्वतंत्र निधी द्यावा आणि तयार झालेल्या चाचण्या सर्व शाळांना विनामूल्य द्याव्यात.

५. सेवेतील विशेष शिक्षकांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सवेतन अभ्यास रजा द्यावी. अनेक शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी तत्त्वावर गावोगाव फिरून काम करीत आले आहेत. संशोधनाला लागणारा अनुभव त्यांच्याकडे आहे. नोकरी सोडून शिकण्याची ऐपत मात्र नाही. दरवर्षी जिल्हावार ठरावीक संख्येने शिक्षकांची निवड करावी आणि पदवीनंतर काही वर्षे राज्यात सेवा देण्याची हमी त्यांच्याकडून घ्यावी. ही रजा कंत्राटी सेवेतील शिक्षकांनाही मिळावी.

६. दिव्यांग पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सोयी बंधनकारक कराव्यात. उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३२ ने दिले आहे. पण प्रवेशानंतरची वाट सुकर नाही. प्रत्येक विभागात सांकेतिक भाषेचे दुभाषी, ब्रेल व ध्वनिरूपातील अभ्याससाहित्य, स्क्रीन रीडरवर वाचता येईल असे ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक व ताशी किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळावा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेलाही दुभाषी असावा. समावेशनाचा अभ्यासक्रम चालवणारा विभागच एखाद्याला दुर्गम असेल, तर तो काय शिकवणार?

७. पीएच.डी.साठी छात्रवृत्ती आणि मार्गदर्शकांची संख्या वाढवावी. विशेष शिक्षणात मान्यताप्राप्त मार्गदर्शक नसल्यास अन्य विद्यापीठातील किंवा राष्ट्रीय संस्थेतील तज्ज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी.

महोदय, या सातही मागण्या एकाच वेळी पूर्ण व्हाव्यात असा आमचा आग्रह नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि (छात्रवृत्ती वगळता) सातव्या मागणीचा मोठा भाग परिपत्रकाने आणि विद्यापीठांना दिलेल्या सूचनांनी पूर्ण होऊ शकतो. त्यावर शासनाचा फारसा खर्च होणार नाही. या परिपत्रकांचा मसुदा एका महिन्यात तयार करावा. उरलेल्या मागण्यांसाठी उच्च शिक्षण, शालेय शिक्षण व दिव्यांग कल्याण या तिन्ही विभागांचे प्रतिनिधी, विद्यापीठांचे अधिष्ठाते, विशेष शिक्षक, पालक आणि स्वतः दिव्यांग असलेले अभ्यासक यांची समिती नेमून तिला तीन महिन्यांत अहवाल देण्यास सांगावे, म्हणजे आगामी अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद करता येईल. या विषयावर चर्चेसाठी आपण शिष्टमंडळास वेळ द्यावा, ही नम्र विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
विशेष व समावेशक शिक्षणातील पदव्युत्तर विद्यार्थी, शिक्षक, प्राध्यापक व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१. मा. मंत्री, शालेय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
२. मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
३. मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे
४. मा. कुलगुरू, राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे