झबलं मोठं करा, कुंची जोडा

डिसेंबर तोंडावर आला की न्हावा शेव्याच्या आसपासच्या गावांत, उरणपासून पनवेलपर्यंत, शाळांच्या गॅदरिंगची गडबड सुरू होते. मुलाच्या डायरीत एक ओळ लिहून येते: अमुक भूमिका, तमुक पोशाख, सोमवारपर्यंत. मधे एकच रविवार असतो. मग आईबाप भाड्याच्या पोशाखांचं दुकान गाठतात, अनामत भरतात आणि सॅटिनचा एक झगा घेऊन येतात. तो मुलाच्या मापाचा नसतो, त्यात वारा खेळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो परतही करायचा असतो. सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे ती जादूगाराच्या पायघोळ, टोपीवाल्या झग्याला.

हा झगा घरी शिवावा, आणि तोही पेपर कटिंगशिवाय, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. खर्च वाचतोच, पण खरं कारण वेगळं आहे. टोपी जोडलेला कपडा अंगावरच्या मापाने, कुठल्याही कागदी नमुन्याविना शिवण्याची विद्या मराठी घरांत पिढ्यानपिढ्या आहे. ती वापरली नाही तर आपल्या डोळ्यांदेखत जाईल.

कुंची आठवा. बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली, पुढून उघडी, मानेशी चुण्या घातलेली. आजीच्या मऊ लुगड्याची, खणाची, हौस असेल तर जरीकाठाची. कुंचीसाठी कोणी कागद कापल्याचं ऐकलं आहे? एक आयत घ्यायचा, दुमडायचा, एका बाजूने शिवायचा, की डोक्याचा भाग तयार. त्याला मागे चुण्या घालून घोळ लावायचा. माप बाळाचं, आणि मोजायला वीत नि बोटं. खणाचं कापड अरुंद पन्ह्याचं असतं, त्यामुळे बेत आखतानाच काठ कुठे येईल आणि जोड कुठे लपेल हे ठरलेलं असायचं. चिंधीसुद्धा वाया जात नसे, तिची गोधडी व्हायची.

आणि झबलं? तेही तसंच. कापड खांद्यावर आडवं दुमडायचं, मग मध्यावर उभं दुमडायचं, चार पदर झाले की बगलेखालचा भाग एकाच कातरीत काढायचा. बाही वेगळी जोडायची नाही, मुंढा काढायचा नाही. जादूगाराचा झगा म्हणजे मोठं केलेलं झबलं, आणि त्याची टोपी म्हणजे कुंचीचं डोकं. ज्या घरात बाळंतविडा शिवला गेला आहे, त्या घरात हा पोशाख निम्मा शिकून झालेला आहे.

डोकं आणि पाठ एकाच वस्तूने झाकायची ही रीत आपल्या रानातही होती. देशावर पावसात घोंगडीची खोळ करून घ्यायची, तिला तर सुईसुद्धा लागत नसे. कोकणात आणि इथल्या आगरी शेतांत भातलावणीला वाकलेल्या पाठीवर कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं इरलं असे. पुढे न्हावा शेव्याच्या बंदरासाठी हीच खाडीकाठची शेतं आणि मिठागरं गेली, शेवा गावाचं पुनर्वसन होऊन उरणजवळ नवीन शेवा वसलं, आणि १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज देशाच्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा वाटा इथून जातो. त्यात तयार कपड्यांचे कंटेनरही असतात. जगभरची मुलं घालतील असे कपडे आपल्या दारावरून ट्रेलरने जातात. अशा गावात आपल्या मुलाचा एक झगा आपल्याला शिवता येऊ नये, हे मला पटत नाही.

तर बेत असा. आठेक वर्षांचं, सव्वाशे सेंटिमीटर उंचीचं मूल धरू. सिंगल पलंगाची सुती चादर घ्या, साधारण दीड मीटर बाय सव्वादोन मीटरची. आधी धुऊन, इस्त्री करून घ्या, म्हणजे पुढे आटणार नाही. मुलाला हात पसरून उभं करा आणि चार मापं घ्या: खांद्यापासून घोट्यापर्यंत, मनगटापासून मनगटापर्यंत, छातीचा घेर, आणि गळ्याच्या एका खळगीपासून डोक्यावरून दुसऱ्या खळगीपर्यंत. टेप नसेल तर सुतळीला गाठी मारा.

आता चादर जमिनीवर घालून झबल्यासारखी चार पदरी करा. वरच्या घडीवर खांदे आणि बाह्या येतात, मधल्या घडीवर पोट. छातीच्या घेराचा चौथा भाग घ्या, त्यात दहा सेंटिमीटर सैलपणा धरा आणि मधल्या घडीपासून तेवढ्यावर खडूची खूण करा. बाहीची खोली वरच्या घडीपासून पाव मीटरला जराशी कमी. बगलेत कोपरा ठेवू नका, गोलाई द्या. टोकदार कोपरा पहिल्यांदा हात वर करताच उसवतो. बगलेपासून खाली रेघ बाहेर तिरपी नेत खालच्या कडेला मधल्या घडीपासून चाळीस सेंटिमीटरवर सोडा, म्हणजे खालचा घेर पुरेसा मिळतो आणि मुलाला पायऱ्या चढता येतात.

कातर चालली की बगलेखालून चार लांबट तुकडे सुटे होतात. त्यांतल्याच एकातून टोपी निघते. पाऊण मीटर लांब आणि अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, लांबीत मधोमध दुमडा, आणि मागची एक बाजू शिवा. घडी माथ्यावर, शिवण पाठीमागे, तोंड पुढे. कुंचीचं डोकं तयार झालं. ते गळ्याला जोडताना खालची कड गळ्यापेक्षा मोठी भरेल. हा जास्तीचा भाग कापू नका. मानेमागे त्याच्या चुण्या घाला. त्यामुळे टोपी डोक्यावर बसते, आणि मागे टाकली तरी गळा आवळत नाही. कुंचीला मागे चुण्या का असतात, याचं उत्तर शिवताना हाताला आपोआप कळतं.

गळा मात्र आधी लहानच कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा लहान होत नाही. पुढची चीर फक्त पुढच्या पदराला द्या आणि आतून पट्टी लावा. खाली उरलेल्या कापडातून ही पट्टी आणि कमरेचा पट्टा दोन्ही निघतात.

दोन गोष्टींत तडजोड नको. टोपीला किंवा गळ्याला नाडी लावायची नाही, टिचबटण लावा. मांडीवरच्या बाळाच्या कुंचीला बंद चालतो, कारण बाळ डोळ्यांसमोर असतं. धावणाऱ्या मुलाची नाडी दारात, झोपाळ्यात अडकते. युरोपातल्या मानकांनुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीत वा गळ्याशी नाडी चालत नाही, ती याच कारणासाठी. दुसरी गोष्ट कापडाची. रंगमंचावर समई असते, दिवे तापलेले असतात, आणि इथली हवा दमट. सुती कापडच घ्या, आणि झग्याची कड घोट्याच्या चार बोटं वर ठेवा.

कागदी नमुन्यांना माझा विरोध नाही. १८६३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि असंख्य घरांत शिवणकाम सोपं झालं. कॉलरचा शर्ट किंवा ब्लाउज नीट बसायचा तर ड्राफ्टिंग हवंच. पण जगातले कितीतरी सुंदर कपडे सरळ पट्ट्यांचेच आहेत. जपानी किमोनो अरुंद कापडाच्या सरळ तुकड्यांचा, मोरोक्कोचा टोपीवाला जेलाबा पायघोळ आणि सैल. सैल कपड्याला अंगाचं माप आणि कापडाचा पन्हा एवढंच कळावं लागतं. नमुना नाही म्हणून तो कपडा कमअस्सल ठरत नाही.

वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. बंदराच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मालगोदामात, पाळीवर जाणाऱ्या बापाला आणि उरणहून पहाटे निघणाऱ्या आईला मी उपदेश करणार नाही. पण हिशेब मांडून पाहू. दोन्ही बाजू, टोपी, गळा, बाह्यांची आणि खालची दुमड मिळून साडेसहा मीटरच्या आसपास शिलाई होते. मशीन असेल तर एका दुपारचं काम. नसेल तर धावदोऱ्याने आणि बगलेत बखियाने चार-पाच संध्याकाळी, आणि त्यात मुलाचाही हात लागू द्या. माप घेताना टेपचं दुसरं टोक त्याच्याकडे द्या, खडूची खूण त्याला करू द्या, खालची दुमड त्याच्याकडून घालून घ्या. मुलगा असो की मुलगी. संत नामदेव शिंपीच होते, सुई ही कधीच फक्त बायकांची नव्हती.

यात शाळांनी आपला वाटा उचलायला हवा. पोशाखाची सूचना तीन आठवडे आधी द्या. तिच्यात ‘घरी शिवलेला पोशाख चालेल’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे सगळ्यांचे झगे एकसारखे चकचकीत नसले तरी पालकांना संकोच वाटणार नाही. कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा आणि दुमड शिकवा. आणि गॅदरिंगच्या आधी एका शनिवारी दुपारी गावातल्या दोन-तीन आज्यांना शाळेत बोलवा, ज्यांनी आयुष्यभर कुंच्या शिवल्या आहेत. त्यांच्यासमोर जुन्या चादरी अंथरा आणि पालकांना, मुलांना भोवती बसवा. एका दुपारी त्या जेवढं हातात देतील, तेवढं मुलांना जन्मभर पुरेल. पुढच्या गॅदरिंगची तारीख ठरवाल, तेव्हा या शनिवारचीही ठरवा.