धूळ कोणी आवरावयाची?

सर्जापूर रोडवर राहावयास आल्यापासून एक पाटी माझ्या मनातून जात नाही. रस्त्यालगतच्या एका छोट्या जागेत ग्रॅनाइट कापून दिला जातो. आसपासच्या नव्या इमारतींतील स्वयंपाकघरांचे ओटे, पायऱ्या, उंबरठे त्यातून होतात. पाते कोरडेच फिरते, पांढुरक्या धुळीचा लोट उठतो आणि तोंडाला गमछा गुंडाळलेले दोन-तीन तरुण त्या लोटातच उभे असतात. मागील भिंतीवर इंग्रजीत सूचना आहे : मास्क वापरा. हे तरुण आपसांत ओडिया बोलतात.

भाषेच्या अभ्यासकाला या सूचनेचे व्याकरण खटकावे. वाक्य आज्ञार्थी असून त्याचा अध्याहृत कर्ता कामगार आहे. धूळ कोणाच्या यंत्रातून उठते आणि ती उठू नये म्हणून कोणी काय केले, याविषयी ते मौन पाळते. याउलट 1948 च्या कारखाने कायद्यातील 14 वे कलम पाहावे. धूळ शोषून घेणारी यंत्रणा धुळीच्या उगमाच्या शक्य तितकी जवळ बसवावी व तो उगम शक्य तेवढा बंदिस्त करावा, असे ते कारखान्याला बजावीत होते. कायद्याच्या वाक्यात कर्ता कारखाना आहे, भिंतीवरच्या वाक्यात मजूर. जबाबदारी मालकाकडून मजुराकडे कशी सरकते, ते या दोन वाक्यांतील अंतरावरून कळते.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या गिरण्यांत ब्लोरूम आणि कार्डिंग या खात्यांत कापूस मोकळा केला जाई व पिंजला जाई. रुईची सर्वाधिक धूळ तेथेच असे. या धुळीने होणाऱ्या रोगाला वैद्यकशास्त्र बिसिनोसिस म्हणते. तलम वस्त्राच्या ग्रीक नावावरून हा शब्द आला आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामगार खात्यात पाऊल टाकतो त्या पहिल्या दिवशी त्याची छाती आवळते व दम लागतो, आणि पुढील दिवसांत त्रास ओसरतो. वर्षे लोटली की तो आठवडाभर रेंगाळू लागतो आणि अखेरीस कायमचा वस्तीला येतो. तोवर दमा म्हणून किंवा बिडीचा परिणाम म्हणून त्याची बोळवण करणे सोपे असते. मुंबईच्या एका गिरणीतील या रोगाविषयीचा अभ्यास 1995 साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा 1982 च्या संपाला तेरा वर्षे होऊन गेली होती.

मराठी साहित्याने गिरणीचा भोंगा, चाळ, संप आणि भूक यांना शब्द दिले. नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' (1966) हा संग्रह आपण वर्गांतून शिकवितो. तथापि कामगाराच्या श्वासाकडे आम्ही समीक्षकांनी फारसे पाहिले नाही, ही कबुली दिली पाहिजे. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'नॉर्थ अँड साउथ' (1854-55) या कादंबरीत कार्डिंग खात्यात काम केलेली बेसी नावाची मुलगी कापसाच्या तुसाने झिजून मरते. ती सांगते की, धूळ ओढून नेणारे मोठे चक्र काही मालकांनी बसविले आहे. परंतु त्याला खर्च फार आणि नफा काही नाही, म्हणून बहुतेक जण ते बसवीत नाहीत. तूस गिळण्याची सवय जडलेल्यांना चक्र आल्यावर अधिक भूक लागते, म्हणून ते मजुरी वाढवून मागतात, हेही तीच सांगते. उपाय ठाऊक होता. अडले होते ते पैशापाशी.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मास्क दिला तरी कामगारच तो काढून ठेवतात, मग दोष कोणाचा? हा अनुभव खोटा नाही. परंतु उकाड्यात आठ तास अवजड काम करणाऱ्याच्या सहनशक्तीवर सारी सुरक्षा टांगून ठेवणे ही व्यवस्थाच कच्ची आहे. शिवाय गमछा जाडीभरडी धूळ अडवितो. फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ त्याला अडत नाही. त्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि काम सोडल्यावरही वाढू शकतो. पात्यावर पाण्याची धार सोडली तर यातील बरीच धूळ उठण्यापूर्वीच बसते. त्यासाठी गॅस्केलच्या काळातील महागडे चक्र लागत नाही.

कायद्याची वाट मात्र अरुंद होत आहे. 1948 च्या केंद्रीय कायद्यात विजेवर चालणारा कारखाना 10 कामगारांपासून मोजला जाई, तर 2020 च्या संहितेत ती संख्या 20 झाली. धोक्याची कामे सरकारने अधिसूचित केल्यास तेथे ही मर्यादा लागू नाही, ही सवलत मोलाची आहे. परंतु ती अधिसूचनेवर अवलंबून आहे. धूळ माणसे मोजून फुप्फुसात शिरत नाही. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्यास सांगितले. आज येथे, उद्या दुसऱ्या शहरात दगड कापणाऱ्या तरुणाची अशी नोंद कोण ठेवणार?

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारावे, असा आग्रह धरला. हा प्रश्न प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर, रुग्णाला कळणाऱ्या भाषेत, छापलेला असावा. विद्यापीठांतील भाषाविभागांनी एवढे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल. सर्जापूर रोडवरील त्या भिंतीवरील पाटीही बदलावी. ती कन्नड, ओडिया, हिंदीत असावी आणि तिच्यावर मजुराला आज्ञा नसून मालकाची हमी असावी : येथे दगड ओला करूनच कापला जातो; पाणी बंद असेल तर काम थांबवा, तुमची मजुरी कापली जाणार नाही.