काळ्या पाण्यावरचे वतनदार

ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की आपल्या बैठकींत कोणीतरी हमखास म्हणते, 'तो तर चोरांनी वसवलेला देश!' २६ जानेवारी १७८८ रोजी बंद्यांचा पहिला ताफा सिडनीच्या बंदरात उतरला, १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० बंदी धाडले गेले आणि १९०१ मध्ये तेथे राष्ट्र उभे राहिले, हे खरेच. पण हसण्यापूर्वी अंदमानाकडे पाहावे.

अंदमान म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकर एवढेच आठवते. त्या स्मरणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तेथेच थांबण्याबद्दल. २०० बंदी घेऊन वॉकर तेथे उतरला तो १० मार्च १८५८ रोजी. जेल पुरे झाले १९०६ मध्ये. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत जंगल कोणी तोडले, धक्के कोणी बांधले? जेलच्या भिंतीसुद्धा बंद्यांनीच रचल्या. वर्षानुवर्षे शिक्षा भोगल्यावर ज्यांना स्वकष्टाने जगण्याची मुभा मिळे, ते जमिनीचा तुकडा कसत आणि सरकारी परवानगीने स्त्री-बंद्यांशी संसार थाटत. कोणी पठाण, कोणी बंगाली, कोणी आपल्या मुंबई इलाख्यातला. मुलांची बोली मात्र हिंदुस्थानी. जातीच्या भिंती त्या संसारांत फारशा टिकल्या नाहीत. वेगळे राष्ट्र झाले नाही, पण समाज निश्चित घडला.

आणि आपण? १७६० मध्ये उदगीरनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, तेव्हापासूनचा वारसा बुधवाऱ्यात अभिमानाने सांगतो. सोयरीक जुळवताना अजून कुळी विचारतो. परक्या मातीत रुजणे हाच मान असेल, तर तो दरोड्याच्या शिक्षेवर गेलेल्या अनामिकाला का नाकारायचा? तो स्वखुशीने गेला नाही म्हणून? (आपले सगळे पूर्वज तरी खुशीने आले होते, असे समजण्याचे कारण नाही.)

वसाहतीचे गोडवे गावेत, असे मी म्हणत नाही. १७ मे १८५९ रोजी अबर्डीनला मूळ अंदमानी वसाहतीवर चालून आले, ते भूमी हातची जाताना पाहूनच. पुढे साथींनी त्यांची वाताहत केली. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी अवघे १९ उरले. हा हिशेब बंद्यांच्या नव्हे, त्यांना तेथे नेणाऱ्यांच्या खाती मांडला पाहिजे.

२०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. बंद्यांच्या वंशजांना तेथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. आपल्या सहली जेल पाहून, कोठडीपुढे हात जोडून परततात. यांच्या पणजोबांचे गाव कोणते, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.