मरणोत्तर न्यायाचे कौतुक पुरे

चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने १९८० साली लिऊ शाओ ची यांना निर्दोष ठरविले. हा पक्ष आपल्या चुका आपणच दुरुस्त करतो, असे त्याचा दाखला देऊन सांगणारे साथी आजही भेटतात. त्यांनी लिऊंचे चरित्र एकदा मुळातून पाहावे.

आन्युआनच्या कोळसा खाणीतील १९२२ च्या विजयी संपाचे ते एक नेते. १९४५ च्या महाधिवेशनात माओंचा 'विचार' पक्षघटनेत प्रतिष्ठित करणारा अहवाल त्यांनी मांडला, आणि १९५४ च्या राज्यघटनेच्या मसुद्यावरील अहवालही त्यांनीच. १९५९ च्या एप्रिलात ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग ते हुआई यांनी 'महान झेपे'तील चुका दाखविणारे एक खासगी पत्र माओंना लिहिले. माओंनी ते बैठकीत वाटले, पत्र लिहिणे हाच गुन्हा ठरला, आणि पेंग यांना दोषी ठरविणाऱ्यांत लिऊ होते.

पुढे दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. १९६१ मध्ये लिऊ हूनानमधील आपल्या गावाकडे गेले आणि शेतकऱ्यांचे हाल त्यांनी स्वतः पाहिले. १९६२ च्या जानेवारीत सुमारे सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, हूनानचे शेतकरी या संकटाला तीन भाग निसर्गाचे आणि सात भाग माणसाचे मानतात. हे धैर्यच होते. परंतु पेंग यांच्या पत्रातील अनेक गोष्टी वस्तुस्थितीला धरून होत्या हे मान्य करूनही, त्यांनी गटबाजी केली, सबब निर्णय फिरणार नाही, असे त्याच परिषदेत लिऊ म्हणाले! पत्रातील मजकूर खरा, पण लिहिणारा मात्र गुन्हेगार. हा न्याय त्यांनी दुसऱ्याला लावला आणि चारच वर्षांत तो त्यांच्यावर उलटला.

१९५४ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षांस पदच्युत करण्याचा अधिकार केवळ राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेस होता. ही सभा १९६५ नंतर थेट १९७५ मध्ये भरली. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांना निवासस्थानी कोंडण्यात आले, जमावापुढे उभे करून त्यांची विटंबना झाली आणि १९६८ च्या ऑक्टोबरात मध्यवर्ती समितीने त्यांना पक्षातून हाकलले. शिक्के तीन : फितूर, देशद्रोही आणि संपफोड्या. आन्युआनचा संप लढविणारा संपफोड्या! समितीत हात वर न करणारी एकच सदस्या निघाली, चेन शाओमिन. १९६९ च्या नोव्हेंबरात काइफेंग येथे लिऊ कैदेत मरण पावले, आणि त्यांचे दहन खोट्या नावाने उरकण्यात आले.

१९८० च्या मे महिन्यात त्यांच्या शोकसभेत डेंग श्याओ पिंग यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. डेंग हेही सांस्कृतिक क्रांतीत भरडले गेलेले, तेव्हा ती वेदना उसनी नव्हती. पण १९८९ च्या मे महिन्यात लष्करी कायद्याचा निर्णय याच डेंग यांच्या घरी झाला. त्या वेळी ते पक्षाच्या स्थायी समितीचे सदस्यही नव्हते. विरोध करणारे सरचिटणीस झाओ झियांग पदावरून गेले ते कायमचेच.

हे ऐकून समाजवादाच्या वैऱ्यांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. लिऊ, पेंग आणि झाओ हे तिघे त्याच चळवळीत वाढलेले होते. प्रश्न आपल्या साथींना आहे. जो निर्णय बंद खोलीत चुकला, तो अकरा वर्षांनी बंद खोलीतच बदलला, तर बदलले काय? खोलीचे दार १९८० मध्ये उघडले असते तर झाओंवर खटला तरी चालला असता. तसे झाले नाही. पंधरा वर्षांहून अधिक काळ घरात कोंडलेले असतानाच २००५ च्या जानेवारीत ते वारले, आणि त्यांच्या अस्थी जमिनीत विसावल्या त्या २०१९ मध्ये.