वहीत नसलेले पिठले

मराठी घरांतून पाककृतींची एक वही असते. कधी जुनी रोजनिशी, कधी मुलांच्या शाळेच्या वह्यांतली कोरी पाने एकत्र शिवून केलेले बाड. गेली काही वर्षे आम्ही पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना अशी वही घरातून शोधून आणायला व तिचे वाचन करायला सांगत आहोत. मौखिक परंपरा आणि लेखन यांच्या सीमेवरची एक संहिता म्हणून तिच्याकडे पाहावे, एवढाच या उपक्रमाचा मूळ हेतू होता. या वाचनातून एक गोष्ट वारंवार समोर आली. या वह्यांत अनारसे आहेत, चिरोटे आहेत, नानकटाई आहे, बिनअंड्याचा केक आहे. पिठले मात्र नाही. मऊ भात नाही. परगावी राहणाऱ्या मुलांना रात्रीच्या वेळी ज्यांची आठवण येते, ज्यांनी जीव निवतो, ते पदार्थ वहीत जवळजवळ नसतातच.

कारण विचारले तर घरोघरी एकच उत्तर मिळते : 'त्यात काय लिहायचे?' वही ही मुळात विस्मरणाच्या भीतीने लिहिली जाते. शेजारणीकडून कळलेले, पुरवणीत वाचलेले, वर्षातून एकदाच करायचे, तेवढे लिहायचे. जे रोज हाताखालून जाते ते हाताला पाठ असते. परिणामी नैमित्तिकाची नोंद राहते आणि नित्याचे स्मृतीच्या भरवशावर सोडले जाते. साहित्याच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. जात्यावरच्या ओव्या बायका पिढ्यानपिढ्या गात होत्या. त्या कागदावर उतरवण्यासारख्या आहेत असे वाटायला पुष्कळ काळ जावा लागला. साने गुरुजींसारख्या संग्राहकांनी त्या गोळा केल्या म्हणून आज आपण त्या शिकवू शकतो. पिठल्याचा असा संग्राहक अद्याप व्हायचा आहे.

मुद्रित पाकग्रंथांची परंपरा मराठीत मोठी आहे. 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'ने हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन अनेक नवशिक्यांना धीर दिला. या ग्रंथांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु ग्रंथ सर्वांसाठी असतो, आणि घरचे पिठले हे त्या त्या घराचे असते. एका घरात ते ताटात पसरेल इतके पातळ, दुसऱ्यात भाकरीवर घेता येईल इतके घट्ट. एकात लसूण ठेचलेला, दुसऱ्यात कांदाच नाही. हे पाठभेद कोणत्याही छापील प्रतीत सापडणार नाहीत.

पाठभेदांच्या पलीकडे या पाककृतींत एक कार्यकारणभावही असतो. गव्हाची खीर पाहा. कांडलेले गहू रात्रभर भिजवायचे, भरपूर पाण्यात बोटाने चिरडेपर्यंत शिजवायचे, आणि मगच गूळ घालायचा. कारण गूळ पडला की गहू पुढे नीट शिजत नाही. वेलदोडा, सुंठ, खोबरे शेवटी. दूध पातेल्यात न ओतता वाढताना वरून घ्यायचे, म्हणजे गुळाने ते फाटण्याची धास्ती नाही. आंबट आधी घातले तर डाळ शिजायला वेळ घेते, हे सूत्रही त्याच जातीचे. साहित्याची यादी मिळाली तरी 'आधी' आणि 'मग' यांचे हे व्याकरण हाती लागतेच असे नाही. मऊ भाताचेही तेच. वाटीभर जुना तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हिंग, हळद, मीठ, हे सांगता येते. पण तो 'आसट' कधी झाला आणि 'गुरगुट्या' कधी, हे कळायला ते शब्द ठाऊक असावे लागतात.

येथे आमच्या विषयाचा थेट संबंध येतो. पिठले रटरटते, खीर आटते, फोडणी तडतडते, पीठ खमंग भाजले जाते, भाताला दणदणीत वाफ येते. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कान, नाक आणि बोटे यांनी जे कळते ते या शब्दांत साठवलेले आहे. 'मध्यम आचेवर दहा मिनिटे' या सूचनेला चुलीचा, पातेल्याचा, पिठाच्या जुनेपणाचा पत्ता नसतो. 'कच्चा वास जाईपर्यंत' या सूचनेला तो असतो. अंदाजाला आपण अज्ञानाचे दुसरे नाव समजतो. वस्तुतः ते अनुभवाने कमावलेले मापन आहे. वर्गातल्या अनेकांना 'सरबरीत' हा शब्द अर्थ विचारून घ्यावा लागतो, तेव्हा एका पदार्थासोबत भाषेचा एक कोपराही ओस पडत असल्याचे जाणवते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चव कागदावर उतरत नाही, ती 'आईच्या हाताला' असते. हे वाक्य कौतुकाचे आहे, पण ते निरागस नाही, असे आमचे मत आहे. चव हातालाच असेल तर तो हात दमला तरी त्यानेच भाकऱ्या थापायच्या, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघतो. पिठले किंवा मुगाची खिचडी रात्रीच्या जेवणात का आली, याचाही विचार करावा. दिवसभर शेतात, शाळेत वा कचेरीत राबून आलेल्या बाईला भाजी निवडायची ताकद नसते, किंवा घरात भाजीच नसते. डब्यातले डाळीचे पीठ, एक कांदा, दोन मिरच्या एवढ्यावर घर जेवते. खाणाऱ्याला लाभणारा विसावा आणि रांधणारीने स्वतःसाठी शोधलेली थोडी उसंत, या दोहोंचा मेळ या पदार्थांत आहे. त्याचे लेखन झाले तर हे ज्ञान होते आणि शिकता येते, घरातल्या मुलालाही. न लिहिल्याने ते मायेच्या नावाखाली एकाच व्यक्तीला चुलीशी बांधून ठेवते.

दुसरी गोष्ट, 'घरचे जेवण' म्हणताना कोणाचे घर आपल्या डोळ्यांसमोर असते? शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करताना हाच प्रश्न विचारला. पाकग्रंथांनी आणि साहित्याने जे ताटाबाहेर ठेवले ते त्यांनी आठवणींसह, कृतींसह मांडले. शीर्षकानेच एका रूढ वचनाला दिलेला छेद बोलका आहे. आमच्या उपक्रमातही काही विद्यार्थी वही न आणता येतात. घरात लिहिणारे कोणी नव्हते, किंवा जे शिजत होते ते लिहून इतरांना दाखवण्याजोगे वाटले नव्हते. वहीचे नसणे हाही या अभ्यासाचा पुरावाच मानला पाहिजे. केवळ उपलब्ध वह्या वाचून थांबलो तर वगळण्याची जुनी रीत आपण संशोधनाच्या नावाने पुढे चालवू.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठी विभागांनी पदव्युत्तर स्तरावर एक छोटा प्रकल्प याला द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील, शेजारातील वा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील एका व्यक्तीकडून रात्रीच्या जेवणातला एक साधा पदार्थ आणि एक घरगुती गोड पदार्थ लिहून घ्यावा. सांगणाऱ्याची बोली प्रमाण भाषेत बसवू नये. अहिराणी वा मालवणी असेल तर तशीच राहू द्यावी. 'बेताचे पाणी' असे सांगितले तर ते तसेच लिहावे आणि शेजारी एकदा वाटीने मोजून आकडाही द्यावा. कोणाकडून शिकले, सर्वांत शेवटी जेवायला कोण बसत असे, हेही विचारावे. आणि लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने तो पदार्थ स्वतः करून पाहावा. पाठचिकित्सेची याहून चांगली कसोटी आम्हाला सुचत नाही.

नैमित्तिक पदार्थांना सण आहेत, ग्रंथ आहेत, दुकानेही आहेत. पिठल्याला, मऊ भाताला, गव्हाच्या खिरीला फक्त सांगणारे माणूस आहे, आणि ते माणूस आज हयात आहे. ऐकून घेण्याची निकड आहे ती एवढ्याचसाठी. इतर महाविद्यालयांतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी असे काही प्रयोग केले असतील, तर त्यांचे अनुभव जाणून घ्यायला आम्हाला आवडेल.